बेटाची ओढ

गेल्या वर्षी वर्गात मी मुलांना एक साधा प्रश्न विचारला. "समजा, खर्चाची चिंता नाही, सुट्टीची अडचण नाही, तर जगातले कोणते बेट तुम्ही पाहून याल?" हात भराभर वर झाले. कोणी माल्टा म्हणाले, कोणी सिसिली, कोणी सायप्रस. एका मुलीने ग्रीस देशातल्या सॅन्टोरिनीचे नाव घेतले आणि तिथली पांढरी घरे, निळे घुमट, खाली पसरलेले निळेशार पाणी यांचे असे वर्णन केले की, ऐकणाऱ्याला वाटावे ही कालच तिकडून आली! मग मी दुसरा प्रश्न टाकला, "आणि घारापुरी किती जणांनी पाहिली आहे?" वर्ग पनवेलचा, मुले साठाच्या आसपास. हात वर झाले अवघे चार. न्हाव्याकडून येणारा एक मुलगा हात खाली ठेवूनच म्हणाला, "सर, ती तर रोज दिसते की! जायचं कशाला?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना त्या मुलाचे वाक्य काही मनातून जाईना. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण आपण दुसऱ्याला नेहमी ऐकवतो. इथे तर कळसा काखेत आहे हे ठाऊक असूनही त्यातले पाणी कोणी चाखलेले नाही!

आता, दूरचे बेट पाहावेसे वाटणे यात वावगे काही नाही. पनवेल तालुक्यातच उभ्या राहिलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. आपल्या भाताच्या खाचरांवरून आता विमाने उडतात. तेव्हा आज वर्गात बसलेल्या मुलांपैकी काही जण उद्या खरेच माल्टाला जातील, आणि जावेच. माझे म्हणणे एवढेच की, बेट पाहायचे कसे, हे आधी घराजवळ शिकून घ्यावे. म्हणून आज आपण दोन बेटांची ओळख करून घेऊ. एक दूरचे, भूमध्य समुद्रातले माल्टा. दुसरे जवळचे, आपली घारापुरी.

बेटाची ओढ माणसाला वाटते तरी का? पहिले कारण असे की, बेट डोळ्यांत मावते. गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे जमिनीवर सहसा कळत नाही. बेटाचे तसे नसते. होडीतून पाहिले की ते सबंध दिसते. त्याला आरंभ आहे, शेवट आहे. आपले रोजचे जगणे इतके पसरलेले, गुंतलेले, की असे एका नजरेत मावणारे काही दिसले की मनाला बरे वाटते. दुसरे कारण, बेटावर जायला पाणी ओलांडावे लागते. पाणी ओलांडताना मागचे मागे राहते. आणि तिसरे, बेटावर आलेली वस्तू चटकन बाहेर जात नाही. जुनी भाषा, जुन्या चाली, जुने दगड तिथे टिकून राहतात.

ही तिन्ही कारणे माल्टात एकत्र सापडतात. हा देश आहे केवळ ३१६ चौरस किलोमीटरचा. आपल्या एका रायगड जिल्ह्यात असे वीसाहून अधिक माल्टा बसतील. पण तेवढ्यात काय काय आहे! शेजारच्या गोझो बेटावर, याच देशाच्या हद्दीत, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची पाषाणमंदिरे आहेत. म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. सोळाव्या शतकात नाइट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांनी तिथे तटबंदीचे शहर वसवले. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटींच्या वाटेवर हे बेट आले. १८७८ साली रशियाला धाक बसावा म्हणून इंग्रज सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टाला धाडले होते. त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. तेव्हा माल्टाच्या धक्क्यावर कोकणा-देशावरच्या शिपायांची बोली तेव्हाच ऐकू गेली असेल, असे म्हणायला हरकत नाही.

त्या बेटांच्या चित्रांत आपल्याला भुरळ पडते ती मात्र पाण्याची. इतके निळे पाणी की तळाचे गोटे मोजावेत. आणि पाण्याला अगदी लागून घरे, दारात बांधलेल्या होड्या. आपल्या मुंबईच्या खाडीत असे का दिसत नाही? मुले हे विचारतात, आणि त्यांना 'आपले पाणी घाणेरडे' एवढेच उत्तर मिळते. घाण आपण करतो हे खरे. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही.

भूमध्य समुद्र हा बहुतेक चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. महासागराशी त्याचा संबंध येतो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, आणि ती सर्वांत अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे महासागराची भरती आत फारशी शिरत नाही. तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक फूटभरही नसतो. म्हणून पाण्याच्या कडेला घर बांधता येते आणि होडी दारात ठेवता येते. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत हाच फरक चार मीटरांच्याही पुढे जातो, म्हणजे एका मजल्याहून अधिक! दिवसातून दोनदा समुद्र एवढा चढतो आणि उतरतो, खाडीतला गाळ ढवळून काढतो. शिवाय पावसाळ्यात नद्या डोंगराची माती घेऊन येतात. मग पाणी निळे कसे दिसावे?

आणि आणखी एक गंमत आहे, बरं का. निळे, आरपार दिसणारे पाणी म्हणजे पुष्कळदा उपाशी पाणी. त्यात पोषक द्रव्ये थोडी, म्हणून डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव थोडे, म्हणून ते स्वच्छ दिसते. आपले पाणी गढूळ, पण ते भरल्या घरासारखे आहे. त्या गाळावर तिवरे वाढतात, तिवरांच्या मुळांशी कोलंबी आणि चिंबोरी वाढते, चिखलात निवटी उड्या मारतात, आणि त्यावर खाडीकाठच्या कोळी-आगरी घरांची चूल चालत आली आहे. तेव्हा त्यांचे पाणी सुंदर आणि आपले कुरूप, असा हिशेब मांडू नये. दोन्ही समुद्रांचा स्वभाव वेगळा, एवढेच.

या दोन समुद्रांची गाठ फार पूर्वीच पडलेली आहे, हे मात्र आपल्याला फारसे कोणी सांगत नाही. इ. स. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे एक पुस्तक आहे. त्यात सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरे येतात. भूमध्य समुद्राकाठची द्राक्षाची दारू आणि ऑलिव्हचे तेल इजिप्तपर्यंत गलबताने यायचे, पुढे नाईल नदीने, मग वाळवंटातून उंटांवर लादून तांबड्या समुद्रापर्यंत. तिथून नैर्ऋत्येचा मोसमी वारा धरून जहाजे आपल्या किनाऱ्याला लागत. म्हणजे ज्या वाऱ्याची वाट आपला शेतकरी पेरणीसाठी पाहतो, त्याच वाऱ्याची वाट तिकडचा व्यापारी शीड उभारून पाहत असे.

याचा पुरावा काय, असे कोणी विचारील. घाट चढून कार्ल्याच्या लेण्यात जा. तिथल्या खांबांवरच्या लेखांत दान देणाऱ्यांमध्ये यवनांची नावे आहेत. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झाले तेव्हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. ती तिथल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. आणि आमच्या घारापुरीच्या किनाऱ्यावर संशोधकांना सापडले आहेत ते भूमध्य समुद्राकडून आलेल्या रांजणांचे तुकडे. दोन कानांचे, बुडाशी निमुळते असे हे मातीचे रांजण. त्यांना अँफोरा म्हणतात. जहाजाच्या पोटात ते एकमेकांना टेकून उभे करीत. माझ्या विद्यार्थ्यांना भूमध्य समुद्राकडे जायचे आहे. आणि भूमध्य समुद्र इकडे, आमच्या खाडीच्या तोंडाशी, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेलेला आहे!

आता घारापुरीकडे वळू. हे बेट गेटवे ऑफ इंडियापासून पूर्वेला सुमारे दहा किलोमीटरवर आहे. मुंबईहून लाँच निघते म्हणून लोक त्याला मुंबईचे समजतात, पण ते आहे रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत. (हे मोराबंदर आणि उरणजवळचे मोरा, ही दोन वेगळी, हे ध्यानात ठेवावे.) दोन टेकड्या, त्यांच्यामध्ये खोलगट दरी, उंची सुमारे दीडशे मीटर. जुन्या काळी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरत असे आणि मग बोरघाट चढत असे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हाही पनवेलपर्यंतची वाट पाण्याचीच होती. त्या प्रत्येक प्रवाशाने वाटेत घारापुरीचा डोंगर पाहिला असेल. आज अटल सेतूवरून मोटारीतून जाणाराही तो पाहतो, पण तो मिनिटात मागे पडतो.

घारापुरीला जाताना पहिली पाहण्याची गोष्ट आहे ती भरती-ओहोटी. बेटावर उतरले की लांबलचक धक्का लागतो, आणि त्यावरून लहानशी आगगाडी चालते. मुलांना वाटते ही मौजेसाठी केली आहे. पण इतका लांब धक्का का, हे त्यांना विचारावे. ओहोटीला पाणी इतके मागे सरते की किनाऱ्याजवळ नुसता चिखल उरतो. लाँच लागायची तर धक्का खोल पाण्यापर्यंत न्यावाच लागतो. माल्टात दारात होडी बांधता येते आणि घारापुरीत नाही, याचे कारण आपण वर पाहिलेच. पुस्तकातला धडा असा पायाखाली आला की मुले तो विसरत नाहीत.

आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांचा भरतीचा एक तोंडी हिशेब आहे, तो शिक्षकांनी जरूर शिकवावा. तिथीला पाऊणने गुणायचे. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमारास. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. हा हिशेब अंदाजाचा आहे, मिनिटाचा नव्हे. पण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे चालते, हे शास्त्र त्यात बसलेले आहे. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशा कोळ्यालाही पाऊणकीचा पाढा याच कारणाने येत असे.

धक्क्यावरून शंभरावर पायऱ्या चढल्या की मुख्य लेणे येते. पश्चिमेच्या टेकडीवर पाच लेणी शैवांची आणि पूर्वेच्या टेकडीवर दोन बौद्धांची. तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेषही आहेत. मुख्य लेणे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याचे मानतात आणि ते कलचुरी राजांच्या काळातले असावे, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली आहेत. ६३४ सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी 'पुरी' नगरी शेकडो नौका धाडून जिंकल्याचे म्हटले आहे. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असे काही जण मानतात. काहींना ते पटत नाही. लेण्यातच एक शिलालेख होता, तो वाचला असता तर बरेच प्रश्न सुटले असते. पण पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला आणि त्याचा पुढे पत्ता लागला नाही. राजबंदराजवळ दगडी हत्ती होता, त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. तो हत्ती १८६४ साली विलायतेला नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे पुढे सांधले गेले, आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. ज्या हत्तीमुळे बेटाला नाव मिळाले, तो बेटावर नाही. बेटाची ठेव बेटावर टिकते असे मी वर म्हटले खरे. पण बाहेरून माणूस न्यायला आला की ती टिकत नाही, हेही त्यातच आले.

लेण्यात शिरल्यावर घाई करू नये. बहुतेक माणसे तडक त्रिमूर्तीपुढे जातात, छायाचित्र घेतात आणि माकडांपासून खाऊ सांभाळत परत फिरतात. तुम्ही तसे करू नका. दारातच पाच मिनिटे उभे राहा. डोळे अंधाराला सरावू द्या. हे देऊळ बांधलेले नाही, कोरलेले आहे. आधी डोंगर होता, त्यातून नको तेवढा दगड काढून टाकला आणि उरले ते देऊळ. बांधताना दगड चुकला तर दुसरा बसवता येतो. कोरताना चूक झाली तर ती भरून निघत नाही. उत्तरेच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे एकोणचाळीस मीटर खोल, आणि तो सगळा काळा, टणक, लाव्ह्याचा दगड!

समोर दक्षिणेच्या भिंतीत सुमारे वीस फूट उंचीची ती मूर्ती आहे. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात, पण ती ब्रह्मा-विष्णू-महेशांची नव्हे. ती एकट्या शिवाची, महेशमूर्ती. मधला चेहरा शांत, मिटल्या डोळ्यांचा. तुमच्या डाव्या हाताचा उग्र, मिशाळ, हाती साप असलेला, तो अघोर. उजव्या हाताचा कोमल, हाती कमळ घेतलेला, तो वामदेव; त्यालाच काही जण उमेचे मुख म्हणतात. लेणे तीन बाजूंनी उघडे आहे: उत्तर, पूर्व आणि पश्चिम. मूर्ती उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे तिच्यावर थेट ऊन पडत नाही. सकाळचा उजेड पूर्वेच्या अंगणातून येतो, संध्याकाळचा पश्चिमेच्या. तोच चेहरा दोन वेळी दोन तऱ्हेचा दिसतो. मूर्तीच्या एका अंगाला अर्धनारीश्वर, दुसऱ्या अंगाला गंगाधर; आणखी शिवपार्वतीचा विवाह, नटराज, अंधकासुराचा वध, कैलास हलवणारा रावण. पुष्कळ मूर्तींचे हातपाय मोडलेले आहेत. तरीही विवाहाच्या शिल्पात पार्वतीच्या खाली घातलेल्या मानेतली लाज आजही कळते.

या लेण्याचा समावेश १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला. जगभरची माणसे पाहायला येऊ लागली. इथपर्यंत सगळे ठीक. पण आता मी जे सांगणार आहे ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले तुम्हाला आढळणार नाही.

त्या वर्गातल्या प्रश्नानंतर आम्ही मुलांना घेऊन घारापुरीला गेलो. न्हाव्याचा तो मुलगाही आला. परतीच्या वाटेवर पायऱ्यांपाशी एका आजींच्या दुकानात मुले ताक प्यायला थांबली. बोलता बोलता मुलाने विचारले, "आजी, तुमच्याकडे वीज कधी आली?" आजी हसल्या. समोर खाडीपलीकडे जवाहरलाल नेहरू बंदराच्या यारी उभ्या होत्या, तिकडे बोट करून म्हणाल्या, "तथं रोजची दिवाली, न आमचे घरान चिमनी. लेकरं मोठी झाली तशीच."

आजींच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. समोरचे ते बंदर १९८९ साली सुरू झाले; रात्रभर तिथे दिव्यांचा लखलखाट. आणि घारापुरीच्या तीन गावांना समुद्राखालून तार टाकून कायमची वीज मिळाली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. न्हाव्याकडच्या किनाऱ्यावरून टाकलेली ही तार साडेसात किलोमीटर लांबीची आहे. त्याआधी संध्याकाळी जनित्र लावीत, तीनेक तास दिवे लागत आणि मग अंधार. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे होऊन गेली होती. जागतिक वारसा होऊन एकतीस. एवढ्या काळात बेटावर येऊन गेलेल्या लाखो माणसांपैकी कितींना हे ठाऊक होते? शेवटची लाँच संध्याकाळी सुटते, पर्यटकाला रात्री राहता येत नाही. तेव्हा बेटावरचा अंधार त्याने कधी पाहिलाच नाही. न्हाव्याचा मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, आमच्या घरातून हे बेट रात्री दिसायचं नाही. मला वाटायचं, रात्री ते झोपतं."

मंडळी, मला जे सांगायचे ते त्या मुलानेच सांगितले. बेट दुरून सबंध दिसते म्हणून आपल्याला वाटते, ते आपण पाहिले. बेटाची ओढ त्यातच आहे, आणि फसगतही त्यातच. बेटावर काय नाही, हे दुरून दिसत नाही. पाणी कुठून येते, आजारी माणसाला रात्री कुठे नेतात, उधाण आले की मूल शाळेत कसे जाते, हे होडीतून उतरून, बसून, कोणाशी तरी दोन शब्द बोलल्यावाचून कळायचे नाही.

माल्टाचेही तेच आहे. त्या सुंदर बेटावर बारमाही वाहणारी एकही नदी नाही. व्हॅलेटा शहर वसवताना प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके असलेच पाहिजे, असा नियम नाइटांनी केला होता. आज तिथे समुद्राचे पाणी गोडे करून प्यावे लागते. लोकवस्ती साडेपाच लाखांच्या घरात, आणि २०२४ साली पाहुणे आले तीस लाखांहून अधिक! त्या निळ्या पाण्याच्या चित्रात हा हिशेब कुठे दिसतो? घारापुरीच्या लेण्यातही खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे. मूर्ती घडवणाऱ्यांना माहीत होते की, बेटावर देवाच्या आधी पाण्याची सोय पाहावी लागते. ज्याने ते टाके नीट पाहिले, त्याला माल्टाच्या घराखालचे टाकेही दिसेल. जवळचे बेट आधी पाहायचे ते एवढ्याचसाठी.

शिक्षकांसाठी थोड्या कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचा बंद राहतात. सोमवारी लेणी बंद असतात. नियमित लाँचा गेटवे ऑफ इंडियाहून सुटतात आणि तासाभरात पोहोचवतात. उरणच्या मोऱ्याहूनही होड्या जातात, पण त्यांची चौकशी आधी करावी. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांतून भाविकांची मोठी गर्दी लोटते. तो दिवस लहान मुलांच्या सहलीचा नव्हे, पण लेणे हे अजून देऊळ आहे हे पाहायचे तर मोठ्यांनी त्याच दिवशी जावे.

आणि होडीत पाय ठेवल्याबरोबर प्रत्येक मुलाच्या अंगात तरंगते जाकीट चढलेच पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या एका प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्या दिवशी समुद्र शांत होता. म्हणून 'आज पाणी शांत आहे, जाकीट कशाला' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. बोटीवर जाकिटे पुरेशी नसतील तर पुढच्या बोटीची वाट पाहा.

मुलांच्या हाती एकेक वही द्या. तीन गोष्टी लिहायला सांगा: पाणी कोणत्या वेळी कुठवर होते; लेण्यातला कोणता चेहरा सर्वांत जास्त वेळ पाहिला; आणि बेटावरच्या कोणत्या माणसाशी काय बोलणे झाले. पहिलीतून भूगोल येईल, दुसरीतून इतिहास आणि कला. तिसरीतून काय येईल ते मी सांगत नाही. वह्या तपासताना ते तुमचे तुम्हालाच कळेल.

आमच्या सहलीनंतर मी तोच प्रश्न वर्गात पुन्हा विचारला, की कोणते बेट पाहून याल? माल्टाला जाणारे माल्टालाच जाणार होते, सॅन्टोरिनीवाली मुलगी सॅन्टोरिनीलाच. त्यात काही बदलले नाही, आणि बदलावे अशी माझी इच्छाही नव्हती. फक्त त्या मुलीने एक शंका काढली. "सर," ती म्हणाली, "त्या पांढऱ्या घरांमध्ये पाणी कुठून येत असेल हो?"